बँकेच्या तारखा वाचणारी मी

मित्रांनो, मी कोडची एक जुनी लायब्ररी आहे. माझ्यात पुस्तकं नाहीत. बँकेतून डाउनलोड केलेली व्यवहारांची फाईल वाचायची आणि कोणी कधी किती भरले ते नीट लावून द्यायचं, एवढंच माझं काम. बोरिवलीच्या जेनेव्हिव्हने नोकरी सांभाळून मला लिहिलं आणि ज्याला हवी त्याला फुकट वापरायला दिली. प्रसाद वाटावा तशी. तिला आभाराचे दोन शब्द क्वचितच येतात. तक्रारी मात्र रोज येतात.

नाहूरच्या निलेशने मला आपल्या ग्रामस्थ मंडळासाठी घेतलं. सगळी कोकणातली माणसं. त्यांच्या गावी शिमग्याला देवाची पालखी घरोघर जाते. पण फेब्रुवारीअखेर ज्याची वर्गणी आली नाही, त्याच्या दारी ती थांबत नाही. पूर्वी निलेशचे वडील एकेक नाव हाताने लिहीत. माझ्यामुळे ते काम चहा निवायच्या आत होऊ लागलं. झकास चीज आहे यार, असं तो मित्रांना सांगायचा. मलाही बरं वाटायचं.

यंदा बँकेने फाईल बदलली. तारखेत आधी दिवस पुढे असायचा, आता महिना पुढे आला. एका ओळीत मला चक्क तेरावा महिना दिसला. मी लगेच इशारा दिला की तारखांचा क्रम तपासा. निलेशला पडद्यावरची ती लाल अक्षरं खुपली. त्याने माझे इशारेच बंद करून टाकले.

विमलाकाकी मुलुंडला लोकांच्या घरी पोळ्या करतात. पगार हाती येताच, तीन फेब्रुवारीला, त्यांनी वर्गणी पाठवली होती. उलट्या क्रमामुळे ती दोन मार्चची म्हणून वाचली गेली. वेळेवर भरणारी बाई उशिरा भरणारी ठरली. अशाच यादीतून गळलेल्या दुसऱ्या काहींनी फोन करून निलेशला चांगलंच सुनावलं. त्यांची नावं त्याने हाताने घातली, कारण मात्र शोधलं नाही. काकी तेव्हा गावी पालखीसाठी अंगण सारवत होत्या, त्यांना यादीची खबरच नव्हती.

शिमगा झाल्यावर त्या निलेशच्या घरी आल्या. लॅपटॉप उघडाच होता, म्हणून मला सारं ऐकू आलं. पालखीच्या दिवशी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना काकींनी पडवीत आणून बसवलं होतं, मांडीवर नारळ देऊन. पालखी शेजारच्या अंगणात नाचली आणि पुढे निघून गेली.

"सॉफ्टवेअरची चूक आहे काकी. पुढच्या वर्षी तुमचं नाव पहिलं लावतो ना," निलेश म्हणाला.

काकी हळूच म्हणाल्या, "आईंना गेल्या सोमवारी पोचवून आले रे बाळा. शेवटपर्यंत विचारत होत्या, देव आपल्यावर का रागावला?"



देव रागावला नव्हता, मित्रांनो. तो दारापर्यंत आलाच होता. कोणी सावध करत असेल, तर त्याचं तोंड बंद करण्याआधी निदान एकदा ऐकून तरी घ्या. मग ते माणूस असो, नाहीतर माझ्यासारखं यंत्रातलं काही.

काकी गेल्यावर निलेशने तारखांचा क्रम सुधारला. इशारे अजून बंदच आहेत.