मागचं दार

काशिनाथ सुतार शुवैखच्या वर्कशॉपमधून त्या बंगल्यावर गेला तो एवढ्याचसाठी, की तिथल्या म्हाताऱ्याच्या खोलीचं मागचं दार कायमचं बंद करायचं होतं. सत्त्याण्णवचा ऑगस्ट, भर दुपार. अशा उन्हात कुवेतमध्ये कुत्रंही बाहेर पडत नाही, पण कोकणातल्या सुताराला पडावं लागतं.

म्हातारा दक्षिण आफ्रिकेत मंत्री होता. पोस्ट असो की दवाखाना, गोऱ्यांचं दार वेगळं, काळ्यांचं वेगळं, या कायद्यात त्याचा मोठा हात. गोऱ्यांचं राज्य गेलं तसा तो तेलकंपनीतल्या जावयाकडे येऊन पडला. हे त्याच्या मुलीनं, मॅडमनं, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं सांगितलं. "दाराबाहेर माणसं उभी असतात, असं बाबा म्हणतात. पाच दिवस डोळा लागला नाही. असंच चाललं तर वाचणार नाहीत."

"रांग रोज वाढतेय," म्हातारा पलंगावरून म्हणाला.

केलंस तसं भोग, असं काशिनाथला वाटलं. त्यानं फळ्या कापल्या, दारावर आडव्या ठोकल्या.

त्याच्या बापाचा एक नेम होता. दार कायमचं बंद करताना शेवटच्या खिळ्याआधी पलीकडे हाक द्यायची. कोणी राहिलं असेल तर आत येऊ दे. काशिनाथनं सवयीनं फळीला तोंड लावलं. "कोण आसा रे भायर?"

"मी आसंय. विठ्ठल."

हातोडी हातातच राहिली. विठ्ठल त्याच्या गावचा, गावकुसाबाहेरच्या वाडीतला, शाळेचा सोबती. वीस वर्षांपूर्वी त्या वाडीला अडवायला देवळात लाकडी कठडा घालायचं ठरलं, आणि तो काशिनाथनं घातला, अगदी मन लावून. विठ्ठल नारळ घेऊन पलीकडे उभा होता. "काशी, माका आत येवक दी," एवढंच म्हणाला. काशिनाथनं मान वर केली नाही. त्याच वर्षी विठ्ठल तापानं गेला.

"ठोक लवकर," म्हातारा पुटपुटला.

काशिनाथला आधी लाज वाटली, भीती मागून आली. तो एकेक खिळा उपसू लागला. मॅडम काय करतोस म्हणून विचारत राहिली. दार उघडलं. बाहेर रिकामं अंगण आणि पांढरं ऊन.

"ये, विठ्ठल," म्हणत तो बाजूला झाला.

पलंगावर म्हाताऱ्यानं पाय पोटाशी घेतले. जरा सरकला. मग आणखी सरकला, भिंतीला पाठ टेकेपर्यंत. येणाऱ्यांना तो जागा करून देत होता.

विठ्ठल तेवढा आत आला नाही. उंबऱ्यापलीकडून त्याचा आवाज आला, "आता तू भायर ये, काशी."

काशिनाथनं हातोडी खाली ठेवली. देवळाशी काढतात तशा चपला काढल्या आणि उंबरा ओलांडला.