खिंडीकडे न गेलेली कानटोपी

मित्रांनो, मी एक कानटोपी. जुनी आहे, पण म्हणून लगेच माझी कीव करू नका. माझा एकही टाका अजून उसवलेला नाही. मी दुहेरी विणीची आहे. आतून अल्पाका या आमच्याकडच्या लोकरीच्या जनावराच्या पिल्लाची न रंगवलेली तपकिरी लोकर, वरून लाल-निळी नक्षी आणि दोन्ही बाजूंना कान झाकणारे लांब पदर. आमच्या डोंगरातला वारा भलता दांडगा, पण माझ्या आत शिरायची त्याची कधी टाप झाली नाही. ही बढाई वाटली तर वाटू दे. आता माझ्याकडे बढाई मारण्यासारखं दुसरं काही उरलेलं नाही.

मला आन्सेल्मोने विणलं. आमच्याकडे टोप्या पुरुषच विणतात. आन्सेल्मो अल्पाकांच्या कळपामागे चालता चालता विणायचा. सायकलच्या चाकातल्या तारा घासून त्याने सुया केल्या होत्या, आणि धागा मानेमागून घेऊन तो बोटांवर खेळवायचा. खरं तर त्याच्या मुलाने, तोरिब्योने, स्वतःची टोपी स्वतः विणायला हवी होती. पण तोरिब्योने विणलेल्या टोपीतून बोटं आरपार जायची. असली टोपी घालून मुलगी बघायला गेलास तर ती तुला चाळणी समजून भिंतीला टांगेल, असं बाप म्हणाला, आणि त्याने मला विणायला घेतलं. निकासियाच्या घरी तोरिब्यो गेला तो मला घालून. तिने आधी मला हात लावून पाहिलं आणि मग त्याच्याकडे पाहिलं, असं तोच पुढे सगळ्यांना सांगायचा. ती टोपी आपण विणलेली नव्हे हेही त्याने लग्नानंतर तिच्याजवळ कबूल करून टाकलं. ती पोट धरधरून हसली होती.

ते दिवस माझ्या भाग्याचे होते. पहाटे दहिवर पडलेलं असायचं, ओढ्यावर बर्फाची साय धरलेली असायची, आणि मी तोरिब्योच्या डोक्यावर कळपाबरोबर निघायची. एकदा एक पिल्लू ऐन थंडीत जन्मलं आणि थरथरायला लागलं. तोरिब्योने मला काढून त्याच्या अंगावर चढवलं आणि घरापर्यंत स्वतः बोडका आला. पिल्लू वाचलं. निकासियाने मला कोमट पाण्यात धुतलं, चुलीजवळ वाळवलं, आणि माझं एवढं कौतुक केलं की मला कसंनुसं झालं.

मग विकतच्या टोपीचं खूळ आलं. खालच्या शहरात जत्रेला तोरिब्यो मला घालून गेला, तर बाजारातली पोरं म्हणाली, बघा, लोकरीचा गठ्ठा चालत आला. तो हसला, पण त्याचे कान माझ्या आत तापले. बरोबर आलेल्या निकासियाला ते कळलं. पुढच्या जत्रेत तिने त्याच्यासाठी एक कारखान्यातली टोपी आणली. काळी, गुळगुळीत, पुढे चकचकीत पट्टी असलेली. आत फुंकर घातली तर बाहेर लागेल इतकी पातळ. हो, मला तिचा राग यायचा. अजूनही येतो. पण निकासियाने ती प्रेमाने आणली होती, नवऱ्याला कुणी हसू नये म्हणून आणली होती, हे मी नाकारणार नाही.

त्या दिवशी तोरिब्योला खिंडीपलीकडच्या गावात बहिणीच्या मुलीचं जावळ काढायला जायचं होतं. पहिली बट कापायचा मान त्याचा होता. सकाळी आकाश स्वच्छ होतं. त्याने सवयीने मला उचललं आणि डोक्यावर घातलं.

"ही घालून मानाला जाणार?" निकासिया म्हणाली. "लोक म्हणतील, बायकोने घरातून हाकलला म्हणून कळपात झोपतो."

दारात बसलेला आन्सेल्मो खो खो हसला. तोरिब्योही हसला. त्याने मला खुंटीवर टांगलं आणि ती काळी घातली. दाराबाहेर पडताना त्याने मागे वळून तिला विचारलं, आता शोभतो का, आणि ती म्हणाली, शोभतोस.

दुपारी खिंडीत बर्फाचं वादळ आलं. पलीकडच्या गावाला वाटलं, आभाळ बघून तो निघालाच नसेल. आमच्या घराला वाटलं, तो तिकडे मटण आणि मक्याची दारू झोडत बसला असेल. शोधायला माणसं गेली तोवर सगळं पांढरं झालं होतं. बर्फ वितळल्यावर खिंडीखालच्या गवतात अडकलेली ती काळी टोपी तेवढी सापडली. तोरिब्यो सापडला नाही.

आमच्याकडे माणूस गेलं की त्याचे कपडे ओढ्यावर धुतात आणि मग जाळतात. तो थोरल्या बर्फाच्या डोंगराकडे चालत असतो, वाट लांबची आणि उघड्यावरची असते, आणि जाळलेले कपडे त्याला वाटेत मिळतात. गावाने थोडी वाट पाहिली आणि मग तोरिब्योचे कपडे धुवायला काढले. घोंगडी गेली, विजारी गेल्या, सदरे गेले. मला शोधायला लागले तर मी खुंटीवर नव्हते. निकासियाने मला वाळवलेल्या बटाट्यांच्या पोत्यात तळाशी दडवलं होतं. टोपी हरवली, असं तिने सांगितलं. ती खोटं बोलतेय हे सगळ्यांना कळलं, पण कुणी पोत्याला हात लावला नाही.

आन्सेल्मो मात्र रोज तेच म्हणायचा. पोराचं डोकं उघडं आहे, टोपी दे. आणि ती म्हणायची, तो चालत नाहीये, तो कुठेतरी कामाला लागलाय, येईल तेव्हा त्याला टोपी लागेल. मित्रांनो, तिची अडचण मला कळत होती. मला आगीत टाकायचं म्हणजे तो मेला असं स्वतःच्या तोंडाने म्हणायचं. न टाकावं, तर तो मेलेला असला तर तिकडेही कुडकुडत राहणार, आणि तेही तिच्याच पायी. एकदा एका खेचरवाल्याने सांगितलं की खालच्या जंगलात सोन्याच्या खाणीवर तोरिब्योसारखा माणूस पाहिला. ती तडक निघाली. तो दुसराच कुणी निघाला. परत आल्यावर तिने मला पोत्यातून काढलं आणि माझ्या आत तोंड खुपसून बसली. तोरिब्योचा वास तेव्हाच जवळजवळ गेला होता. मी तिच्या रडण्याने भिजले आणि तशीच ओली पोत्यात गेले. टोपीने डोकं झाकावं, एवढं एकच काम तिला येतं. मी जिवंताच्याही उपयोगाची राहिले नव्हते आणि मेलेल्याच्याही.

अशी दोन वर्षं गेली. आन्सेल्मोचे डोळे गेले, मग छाती भरली, मग तो अंथरुणाला खिळला. परवा निकासिया त्याला सूप भरवत होती, तर त्याने वाटी बाजूला सारली.

"पोरी, ती पोत्यातली टोपी काढ."

"कुठली टोपी, मामंजी?"

"डोळे गेलेत माझे, नाक नाही गेलं. दोन वर्षं तुझ्या बटाट्यांना लोकरीचा वास मारतोय."

तिने वाटी पुन्हा पुढे केली. तो म्हणाला, "जाळू नकोस. मला घाल. मी त्याच वाटेने जाणार आहे. भेटला तर देईन त्याला."

"आणि नाही भेटला तर?"

"मग तो जिवंत आहे. तू खुशाल वाट बघ, मी कुणाला काही बोलू देणार नाही."

निकासियाने वाटी खाली ठेवली. "मामंजी, ती काळी टोपी मीच घालायला लावली त्याला."

"मी दारातच होतो."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत मला?"

"काय बोलू? तुझ्या बोलण्यावर हसलं कोण? मी. ही माझ्या हातची आहे, ती किती गरम आहे ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आणि मी बसून हसलो." पुढे त्याला खोकला आला. तिने त्याची पाठ चोळली.

आज सकाळी आन्सेल्मो गेला. त्याला धुतलेले कपडे घातलेत. अंगणात माणसं जमलीत, खड्डा खणून तयार आहे, म्हणून मी घाईघाईने सांगतेय. मित्रांनो, तुमच्या घरातून कुणी थंडीत बाहेर पडत असेल तर टोपी कशी दिसते ते लोकांना बघू दे. तुम्ही तिच्या आत हात घाला आणि ऊब आहे का ते बघा. नसेल तर दाराशी आडवे उभे राहा, भांडा, रुसा, पण त्या माणसाला तसं जाऊ देऊ नका. मी खुंटीवर होते, माझ्याने काहीच झालं नाही.

निकासियाने मला पोत्यातून आणलं, झटकलं आणि म्हाताऱ्याच्या डोक्यावर नीट बसवलं. कान झाकले. माझ्या पदरांचे दोन्ही गोंडे हनुवटीखाली ओढून तिने घट्ट निरगाठ मारली. शेजारीण म्हणाली, झालं, उचला आता. माणसं पुढे झाली, पण निकासिया बाजूला होईना. ती खाली वाकली, तिने ती गाठ दातांनी सोडवली आणि तिथे सुरगाठ घातली, एका ओढीत सुटेल अशी. म्हाताऱ्याची बोटं थंडीने आखडलेली असणार, आणि पोचल्यावर त्याला टोपी काढून पोराला द्यायची होती.