पुढच्या वर्षीची तुळई

सन १५६२, ऑगस्टचा पहिला आठवडा. गवत कापून झालं होतं, गहू अजून शेतात उभा होता. त्या मधल्या मोकळ्या दिवसांत सफोकमधल्या एका चढावर मला उभं केलं. मी बॉरेटांचं घर बोलतोय.

वय सांगायला मी लाजत नाही. लाज एकाच गोष्टीची आहे, ती आधी सांगून टाकतो.

सुतार एकच होता. माझा सांगाडा आणि शेजारच्या जाइल्स गॅरडचं कोठार, दोन्ही तो एकाच अंगणात घडवत होता. दोन्हींची रुंदी एकाच काठीने मोजलेली. कुठलं टोक कुठल्या खोबणीत बसवायचं ते कळावं म्हणून तो टोकावर आणि खोबणीवर सारखीच खूण कोरायचा. माझी मधली तुळई चढवताना उभी चिरली. माझा मालक ॲम्ब्रोज बॉरेट हवालदिल झाला. पंधरा दिवसांवर मुलीचं लग्न.

"माझी ने," गॅरड म्हणाला. "कोठाराला तोवर टेकू लावतो. पण मायकेलमसला दुसरी आणून माझी परत कर."

"मायकेलमसला म्हणजे मायकेलमसला!"

मायकेलमसचा सण एकोणतीस सप्टेंबरला येतो. त्या दिवशी गॅरडने माझ्या दारावर तीनदा थाप मारली. ॲम्ब्रोजने बियरचा मग पुढे केला आणि म्हणाला, "पुढच्या वर्षी."

बियर चांगली होती. गॅरड पिऊन घरी गेला. तिथेच चुकलं.

तेव्हा माझ्या पोटात एकच उंच खोली होती. मधोमध जमिनीवर चूल, धूर छपरातून आपली वाट शोधायचा. माणसांचे डोळे चुरचुरत, पण टांगलेलं मांस फुकटात मुरायचं. ॲम्ब्रोजच्या नातवाला हे गावंढळ वाटलं. त्याने विटांचं धुराडं बांधलं आणि उंच खोलीच्या मध्यावर मजला घातला. धुराड्याला लागून नवी तुळई आली, सगळा भार तिने घेतला. उसनी तुळई वरच्या मजल्यावर, निजायच्या खोलीच्या दारात, बरोबर कपाळाच्या उंचीवर राहिली. भार काहीच नाही. तेव्हापासून तिने एकच काम केलं. बॉरेटांची डोकी फोडली. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

काढायला एक दिवस पुरला असता. नातू म्हणाला, "पुढच्या वर्षी."

१७८७ साली डॉर्कस बॉरेट बाई शहरात जाऊन आल्या आणि त्यांना माझी लाज वाटू लागली. "लाकडाच्या घरात राहतो म्हणून लोक हसतात आपल्याला," त्या नवऱ्याला म्हणाल्या. मग माझ्या तोंडावर विटांची भिंत चढली. वरच्या ओळीत पाच खिडक्या हव्याच होत्या, पण पाचवीच्या मागे धुराडं. म्हणून पाचवी रंगवून काढली. तिला पडदासुद्धा रंगवला. मागची बाजू तशीच ठेवली, कारण पाहुणे मागून येत नाहीत. आतली सगळी लाकडं चुन्याखाली गेली. तुळईही गेली. टेंगळं मात्र येतच राहिली.

दर मायकेलमसला त्या त्या पिढीतला गॅरड यायचा, तीनदा थाप मारायचा, बियरचा मग घ्यायचा, "पुढच्या वर्षी" ऐकून जायचा. हळूहळू काय परत मागायचं ते मागणारा विसरला आणि देणाराही. मग गावच्या पाद्र्याने एक पुस्तिका छापली. तिच्यात म्हटलं होतं की, मावळत्या सूर्याला परत बोलावण्याचा हा प्राचीन विधी आहे. विद्वान आले. पर्यटक आले. सूर्य आपला येतच होता. तिकडे गॅरडांनी आठव्यांदा टेकू बदलला.

बॉरेट संपले. दोन वर्षांपूर्वी लंडनहून क्लाइव्ह टेंपल आणि त्याची बायको इमोजेन आली. त्यांनी चुना खरवडून एकूण एक लाकूड उघडं केलं. डॉर्कसबाईंना ज्याची लाज वाटली, त्याच्यासाठी यांनी चौपट किंमत मोजली. क्लाइव्ह पाहुण्यांना वर नेऊन तुळई थोपटायचा. "हा या घराचा आत्मा!" कपाळावर पट्टी असायची.

तीन टाके पडले तेव्हा त्याने आत्मा कापून टाकायची परवानगी मागितली. जुन्या इमारतींच्या अधिकारी मिसेस प्राइक आल्या, नेमक्या मायकेलमसच्या दिवशी.

"ही इथे चारशे साठ वर्षं आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोन. कोणी वाकायचं ते ठरवा."

तेवढ्यात दारावर तीन थापा पडल्या. बाहेर शेवटचा गॅरड, एकाहत्तर वर्षांचा डेस्मंड. मागे कॅमेरे घेऊन वीसेक माणसं. क्लाइव्हने बियरचा मग पुढे केला आणि हसून म्हणाला, "पुढच्या वर्षी."

डेस्मंडने मग घेतला नाही. "पुढच्या वर्षी मी कुठला? सोमवारी कोठार पाडतायत. भिंती फाकल्यात. मेंढ्या ठेवायला जागा नाही, म्हणून त्याही विकायच्या."

"पण विधी?" इमोजेनने विचारलं.

"विधीत मेंढ्या ठेवता येतात का, बाई?"

"भिंती फाकल्या कशाने?" मिसेस प्राइक म्हणाल्या.

"मधली तुळईच नाही. खोबणी आहेत, तुळई नाही. आजोबांनीसुद्धा टेकूच पाहिला."

मिसेस प्राइक छत्री घेऊन कोठारात गेल्या. चिखलाचे बूट घालून परत आल्या ते थेट जिन्यावर. तुळईच्या टोकावरची काजळी त्यांनी अंगठ्याने पुसली. चार उभ्या रेघा, शेवटच्या रेघेला शेपूट, कोठारातल्या रिकाम्या खोबणीवर होती तशीच खूण. खाली आल्या.

"मिस्टर टेंपल, ही तुळई इथली नाही. शेजाऱ्याची आहे."

"पण ती इथे आली कधी?"

"घर बांधलं तेव्हाच. १५६२ साली."

"मग त्यात माझा काय दोष?"

"घर घेतलंत ना? दोषासकट घेतलंत. काढा."

सोमवारी पाडणारे आले नाहीत. गावातले आठ जण आले. माझ्या मागच्या भिंतीचा कूड सोडवून त्यांनी तुळई खाली उतरवली आणि खांद्यावरून शेत ओलांडून नेली. मला काही झालं नाही. एक कणही खचलो नाही. उगाच इतकी वर्षं धरून बसलो होतो.

कोठाराच्या भिंती दोरांनी आवळल्या. चार रेघांची खूण चार रेघांच्या खुणेला भिडली आणि टोक आत बसलं. त्यांच्यातल्या सुताराने ओकची खुंटी ठोकली. डेस्मंडने टेकूला बुटाने लाथ घातली. टेकू पडला. कोठार उभं राहिलं.

संध्याकाळी तो एकटाच माझ्या दाराशी आला. तीन थापा मारल्या. क्लाइव्हने दार उघडलं. हातात मग होता.

"पुढच्या," सवयीने त्याच्या तोंडून निघालं.

"नको," डेस्मंड म्हणाला. "पोचली."

त्याने उभ्या उभ्या बियर संपवली, रिकामा मग उंबऱ्यावर ठेवला आणि घरी गेला.