गाडी सर्व्हिसिंगला गेलीय

सुईताईला गाडी हवी होती, आणि तीही महिन्याच्या आत. हौस म्हणून नव्हे. हौसेसाठी तिच्याकडे वेळही नव्हता आणि पैसाही. ती एका लॅबसाठी घरोघरी जाऊन लोकांचं रक्त काढायची. सकाळी सहापासून नऊपर्यंत, बहुतेक उपाशीपोटी वाट बघत बसलेल्या म्हाताऱ्यांचं. "मुंगी चावल्यासारखं होईल, आजोबा, बस्स," असं म्हणता म्हणता तिची सुई आत जाऊन बाहेर आलेली असायची. हात इतका हलका की लोक तिचं खरं नाव विसरून गेले. पण लॅबच्या साहेबांना हलक्या हाताचं काय कौतुक! बसने येणारं रक्त उशिरा पोहोचतं, तपासण्या वाया जातात, म्हणून त्यांनी सरळ सांगून टाकलं, "पहिल्या तारखेपासून ज्याच्याकडे गाडी, त्यालाच काम." नवऱ्याचं शिवणकामाचं दुकान वर्षभर माशा मारत होतं. गाडी नाही तर काम नाही, आणि काम नाही तर घरात चूल पेटायची नाही, इतका सरळ हिशोब.

आता, थोड्या पैशांत धड जुनी गाडी शोधणं म्हणजे काय, ते ज्याने शोधलीय त्यालाच विचारा. पहिली गाडी अत्तराने नुसती घमघमत होती. सुईताईने सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिला, तर टोकाच्या वीतभर पट्ट्यावर वाळलेला गाळ. पुरात बुडालेलं धूड! दुसरीचा मालक छाती ठोकून म्हणाला, "एका फटक्यात सुरू होते, ताई," आणि खरंच झाली. पण तिने बॉनेटवर हात ठेवला तर ते तापलेलं. म्हणजे गडी ती यायच्या आधीच गाडी चार चकरा फिरवून तापवून बसला होता. थंड इंजिनाचं रडगाणं तिला ऐकू नको यायला. तिसऱ्या गाडीत नवं कोरं कार्पेट होतं. तिने कोपरा उचलला तर खालचा रस्ता दिसला. मालकाला लाज कसली! म्हणाला, "हवा खेळती राहते."

तीन आठवडे असे गेले. महिना संपायला आठ दिवस राहिले तेव्हा तिने गाड्यांच्या दलालापुढे हात टेकले. त्याला सगळे मामा म्हणत. दोन्हीकडून कमिशन खायचा आणि दोन्हीकडच्यांना भाचा-भाची म्हणायचा.

"एक आहे," मामा म्हणाला. "बारा वर्षांची, एका हातातली. ओरखडा नाही. तुझ्या पैशांत बसते. पण थोडं नाटक करावं लागेल."

"कसलं नाटक?"

"तुला रोज जमतं तसलंच."

गाडी एका म्हाताऱ्याची होती. चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस. त्याची नजर दोन्ही बाजूंनी मिटत आली होती. समोरचं दिसायचं, कडेचं नाही. मागच्या महिन्यात त्याने शेजाऱ्यांचं फाटक उखडलं आणि मुलाने त्याचं गाडी चालवणं बंद केलं. तरी रोज सकाळी तो आंघोळ करून खाली यायचा, गाडीत बसायचा, इंजिन सुरू करून ऐकायचा आणि बंद करून वर जायचा. बस, इतकंच. पण सुनेच्या जिवाला घोर लागला होता, एखाद्या दिवशी गिअर टाकला तर?

सुनेने सुईताईला जिन्यातच गाठलं. "विकली असं कळलं तर अन्नपाणी सोडतील. कागद आमच्या ह्यांच्या नावावर आहेत, त्याची काळजी नको. तुम्ही फक्त म्हणायचं, गॅरेजमधून आलेय, सर्व्हिसिंगला नेतेय. चार दिवस विचारतील, मग विसरतील. त्यांच्या आता कुठे काय लक्षात राहतंय!" आणि मग आवाज खाली आणून, "त्याबद्दल म्हणून आम्ही थोडे कमीच घेतोय."

सुईताईला ते बरं वाटलं नाही. खरंच नाही वाटलं. खाली जाईपर्यंत तिच्या मनात आलं, मागे फिरावं. मग तिने गाडी पाहिली.

बॉनेटवर हात ठेवला. थंडगार. उचललं. आतल्या एकेका वस्तूवर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा आणि त्यावर शाईने तारीख. बॅटरीवर तारीख, इंजिनाच्या पट्ट्याच्या झाकणावर तारीख, साध्या रबरी नळीवर तारीख. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला, स्वच्छ. कार्पेट उचललं, कारखान्यातला रंग जसाच्या तसा. सुईताईच्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी राहिलं. तीन आठवडे चोरांच्या गाड्या पाहून झाल्यावर ही एका सज्जन माणसाची गाडी.

"गॅरेजवाले कुठायत?" मागून आवाज आला.

म्हातारा इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता. मान वळवून वळवून तो तिला शोधत होता. ती बरोबर त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. हे तिला सवयीचं होतं.

"मीच, काका."

"बाई? वा! चांगलंय. बायका कान देऊन ऐकतात." आणि मग त्याने अर्धा तास तिला गाडी सांगितली. पेट्रोलचा काटा पावाखाली गेला की खोटं बोलतो, तेव्हा विश्वास ठेवायचा नाही. थंडीत किल्ली अर्धी फिरवायची, पाच मोजायचे, मग सेल्फ मारायचा. मागचं डावं दार आपटायचं नाही, जरा उचलून ढकलायचं. "तुझ्या पोरांना सांग, दामटू नका म्हणावं. तिला घाई केलेली आवडत नाही."

"सांगते हो, काका."

"कधी देणार?"

तिने मागचं डावं दार उचलून ढकललं. "गुरुवारी."

तिचा नंबर त्याने जाड पेनने पार्किंगच्या भिंतीवर लिहून घेतला, आकडे हातभर मोठे, म्हणजे त्याला वाचता येतील असे. एक किल्ली तिच्या हातात दिली. दुसरी खिशातच ठेवली. "ही राहू दे. आली की लागेल."

जिन्यात उभ्या सुनेने आणि फाटकाशी थांबलेल्या मामाने ते न पाहिल्यासारखं केलं. एका किल्लीसाठी सोन्यासारखा सौदा कोण मोडतो?

पहिल्या तारखेला सुईताई सर्वांच्या आधी लॅबमध्ये हजर. गाडीने तिला एकदाही दगा दिला नाही. पावसात नाही, कडाक्याच्या थंडीत नाही. किल्ली अर्धी, पाच आकडे, सेल्फ. साहेबांनी तिला नदीपलीकडचा सगळा भाग देऊन टाकला.

आणि गुरुवारी दुपारी चारच्या ठोक्याला फोन. "झाली का गाडी?"

पहिल्या गुरुवारी तिला घाम फुटला. त-त-प-प करत तिने वेळ मारून नेली. दुसऱ्याही गुरुवारी तेच. तिसऱ्या गुरुवारी मात्र तिचा आवाज आपोआप बदलला, सकाळी सहाचा, सुईवाला आवाज. "काका, एक पार्ट यायचाय. बाहेरून मागवलाय. आला की लगेच."

"कुठला पार्ट?"

"स्टिअरिंगमधला."

"घाई करू नका," तो म्हणाला. "नीट होऊ दे."

सून म्हणाली होती तसा तो काही विसरला नाही. सगळं विसरला असेल, गुरुवार नाही. घरात त्याची चेष्टा सुरू झाली. चारला फोन वाजला की नवरा शिलाई थांबवून म्हणायचा, "घे, तुझे गुरुवार काका!" एकदा त्यानेच फोन उचलला आणि गॅरेजमालकाचा घोगरा आवाज काढून पाच मिनिटं बोलला, मागे हातोड्याने कात्रीवर ठणठण करत. हसून हसून दोघांच्या पोटात दुखलं. नंतर सुईताईला जरा ओशाळल्यासारखं झालं. चहा होईपर्यंत ते गेलंही.

आठ महिन्यांनी गाडी किंचाळायला लागली. सकाळी सुरू केली की इंजिनातून असा चिरका आवाज की शेजाऱ्यांच्या खिडक्या उघडायच्या. गॅरेजवाल्याने मोठ्ठा आकडा सांगितला. सुईताई गाडीत बसून विचार करत राहिली, आणि मग वारही गुरुवार नव्हता, वेळही चारची नव्हती, तरी तिने स्वतः फोन लावला. नुसता लावला नाही, बॉनेट उघडून तो इंजिनाजवळ धरला.

पलीकडून म्हाताऱ्याचा आवाज, अगदी तरुण झालेला. "ही माझीच!"

"हो काका. सुरू करताना अशी ओरडते. आमच्या पोरांना समजेना."

"पट्ट्यावर पाण्याचे चार थेंब टाक. आवाज क्षणभर थांबला तर पट्टा गेलाय. नाही थांबला तर पुलीचं बेअरिंग. दुसरं काही करू देऊ नकोस. लुटतील तुम्हाला."

आवाज थांबला. पट्टा होता. मूठभर पैशांत काम झालं. त्यानंतर तिला कसली आली चिंता! ब्रेक खरखरले, लाव फोन. वळणावर टकटक झाली, लाव फोन. म्हाताऱ्याने तिला एकदाही चुकीचं सांगितलं नाही. आणि दर वेळी शेवटी, "मी येऊन बघू का? पत्ता सांग, रिक्षा करून येईन."

"नको हो, काका. इथे सगळीकडे लोखंड पडलेलं. कडेचं दिसायचं नाही, पडाल कुठेतरी. तुमच्याच काळजीने सांगते."

"तेही खरंच," तो म्हणायचा.

दोन वर्षं गेली. कधी उशीर नाही, कधी खाडा नाही. साहेबांनी सुईताईला सगळ्या रक्त काढणाऱ्यांची मुख्य केलं आणि लॅबची नवी कोरी गाडी दिली. आता जुनी काय करायची? विकायची. गिऱ्हाईक लगेच मिळालं. एक रंगारी, बायको सातव्या महिन्यात, शिड्या आणि डबे बसमध्ये घेत नाहीत म्हणून दोन कामं हातची गेलेली. त्याने बॉनेटवर हात ठेवला, सीटबेल्ट ओढला, कार्पेट उचललं. सुईताईला हसू आलं. पोळलेला दिसतोय, तिच्या मनात आलं.

"दुसरी किल्ली?" रंगारी म्हणाला. "दुसरी नसेल तर पैसे कमी करा. कुलपं बदलावी लागतील."

"आहे ना," सुईताई म्हणाली. "उद्या देते."

दोन वर्षांत ती त्या घरी पहिल्यांदाच गेली. म्हातारा खालीच होता. जिथे गाडी उभी असायची तिथे त्याने खुर्ची टाकली होती, पण मधोमध नाही, भिंतीला चिकटून, गाडीची जागा मोकळी सोडून. फरशी झाडलेली. तेल ठिबकलं तर म्हणून खाली जुनं पोतं अंथरलेलं. भिंतीवर तिचा नंबर, पुसट झालेले आकडे पुन्हा गिरवलेले.

"काका, गॅरेजमधून आलेय."

तो इतक्या घाईने उठला की खुर्ची पडली. मान वळवून वळवून तिला शोधू लागला. ती समोर जाऊन उभी राहिली.

"दुसरी किल्ली हवी होती. दोन्ही तपासून द्याव्या लागतात."

"म्हणजे झाली?"

"झाली, काका."

त्याने शर्टाच्या खिशातून किल्ली काढली. इतकी जपलेली की चकचकीत होती, आणि अंगाच्या उबेने कोमट. ती त्याने पुढे धरली, पण बोटं काही सुटेनात. सुईताईने सवयीने दुसऱ्या हाताने त्याचं मनगट धरलं, हलकेच, आणि किल्ली काढून घेतली. त्याला जाणवलंसुद्धा नाही.

"थांब, थांब." तो खुर्चीमागून एक लांब पुडकं घेऊन आला. नवे वायपर. "पावसाळ्यात जुने काच ओरबाडतात. माझ्या पैशांतून आणलेत, सुनेला बोलू नकोस. बसवून आण." मग हळूच, "मी चालवणार नाहीये गं. नुसता बसेन. कधी आणतेस?"

क्षणभर तिला वाटलं, सगळं सांगून टाकावं. हो, वाटलं, ती काही दगड नव्हती. पण रंगाऱ्याने निम्मे पैसे आधीच दिले होते.

"गुरुवारी," ती म्हणाली.

गुरुवारी दुपारी रंगारी बायकोला घेऊन आला. बायको पुढच्या सीटवर जी बसली ती उतरेच ना. डॅशबोर्डवरून हात फिरवत राहिली. सुईताईने दोन्ही किल्ल्या दिल्या, वायपर बसवलेलेच होते, काट्याचं खोटं सांगितलं, पाच आकडे सांगितले, मागचं डावं दार उचलून दाखवलं.

"आणि बिघडली तर?" रंगाऱ्याने विचारलं. "आमची ऐपत इतकीच आहे, ताई. उद्या बिघडली तर आम्ही बुडालो."

"त्याची काळजी नको," सुईताई म्हणाली. "एक काका आहेत. आवाज ऐकून सांगतात. पैसे घेत नाहीत. फक्त आपण गॅरेजमधून बोलतोय असं म्हणायचं." आणि तिने सगळं सांगितलं. रंगाऱ्याची बायको डॅशबोर्डवरचा हात मागे घेऊन ऐकत होती.

चार वाजले आणि फोन वाजला. सुईताईने स्क्रीनकडे पाहिलं आणि फोन रंगाऱ्यापुढे धरला.

"गाडी तुझी, आता फोनही तुझा. नंबर बदललाय म्हणून तुझा देऊन टाक."

"मी काय बोलू?" रंगाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने बायकोकडे पाहिलं. तिने मान फिरवली. पण गाडीतून काही ती उतरली नाही. त्याने बटण दाबलं.

"निघाली का गाडी?" म्हाताऱ्याचा आवाज बाहेरपर्यंत आला. "मी खालीच उभा आहे."

रंगाऱ्याने एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा बायकोच्या पोटाकडे.

"काका," तो मऊ आवाजात म्हणाला, "एक पार्ट यायचाय."

सुईताईला त्याचं कौतुक वाटलं. तिला स्वतःला हे जमायला तीन गुरुवार लागले होते.