बाळूची शेपटी का वाजते

सलील गॉलवे या आयरिश शहरातल्या एका कारखान्यात क्वालिटी इंजिनिअर होता. तिथे हृदयात घालायच्या बारीक नळ्या बनत, आणि एखादी नळी केसभर वाकडी निघाली की ती का वाकली हे शोधून काढायचं काम त्याचं. ते तो उत्तम करायचा, आणि दुर्दैवाने घरी आल्यावरही थांबायचा नाही. दूध उतू गेलं तरी त्याच्या बायकोला, कौमुदीला, एकापाठोपाठ पाच वेळा ‘का?’ला तोंड द्यावं लागे. चौथ्या ‘का?’ला ती स्वयंपाकघरातून निघून जायची. त्यामुळे त्या घरात दूध का उतू जातं, हे अजून कुणालाच माहीत नाही.

तर अशा माणसाच्या घरात, जिथे औषधालाही साप सापडत नाही अशा देशात, एक साप आला. बारा वर्षांच्या लेकीला, मुक्ताला, सलीलने सांगून ठेवलं होतं की गणितात पहिली आलीस तर मागशील ते देईन. पोरगी सायकल मागेल असा त्याचा हिशेब. तिने कॉर्न स्नेक मागितला. नारिंगी, बिनविषारी, मनगटाला गुंडाळून घेतला तर तिथेच डुलकी काढणारा. त्याचं नाव तिने बाळू ठेवलं. सलीलने कपाळावर हात मारला, पण शब्द दिला होता.

सहा महिने कुणाचं काही बिघडलं नाही. मग ओंगारला राहणारा सलीलचा मित्र अभिजित सहकुटुंब आला. सलील पाहुण्यांना कौतुकाने वर मुक्ताच्या खोलीत घेऊन गेला, आणि काचेच्या पेटीत बाळूने शेपटीचं टोक अशा वेगाने थरथरवलं की खालची सुकी पानं खर्रर्र वाजू लागली.

“अरे, हा तर रॅटल करतोय!” अभिजित म्हणाला. “विषारी साप असंच करतात ना?”

अभिजितची बायको चहा न घेताच गाडीत जाऊन बसली. एवढा अपमान सलीलच्या घराचा पूर्वी कधी झाला नव्हता. त्याच संध्याकाळी त्याने जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं, “रविवारपर्यंत याचं मूळ कारण शोधायचं. नाही सापडलं, तर बाळू लेटरकेनीला जाईल. तिथे एक माणूस लोकांना नकोसे झालेले साप सांभाळतो. आणि सापडलं, तर जे कारण असेल ते या घराबाहेर. मग ते काहीही असो, गय नाही.”

“ग्रँड,” मुक्ता म्हणाली, म्हणजे इथल्या इंग्रजीत ‘ठीक आहे’, आणि ताटातली पोळी तशीच ठेवून वर गेली. ती रडत होती हे कौमुदीला कळलं. सलीलला वाटलं, पोरीला पद्धत पटली.

पहिल्यांदा प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी बाळूला हातावर घेऊन शेवटच्या टोकापर्यंत तपासलं. कात टाकताना जुन्या कातडीचं कडं शेपटीला अडकून राहिलं, तर टोक काळं पडतं, गळूनही जातं. तसलं काही नव्हतं. विष्ठा करताना साप शेपटी उचलतो, भक्ष्य दिसलं की कधी वळवळवतो, पण अशी वाजवतो तो घाबरल्यावर, असं त्या म्हणाल्या. “तो हे करतो तेव्हा खोलीत काय चाललेलं असतं, तेवढं बघा.”

आता इतकं सोपं उत्तर घेऊन कुठला इंजिनिअर घरी जाईल? सलीलने ते सोडून दिलं आणि स्वतःचा तपास सुरू केला. सोमवारी दिवा बदलला, मंगळवारी पाण्याचं भांडं, मग पेटीतली हवा किती दमट आहे ते मोजायचं यंत्र आणलं. रोज संध्याकाळी कामावरून आला की बुटांसकट जिना चढून वर. जन्म पुण्यात स्लॅबवर टाचा आपटत चालण्यात गेलेला, आणि इथल्या घरांचे जिने लाकडी. धप, धप, धप! हातात स्पीकरवर चाललेला फोन. दार ढकलून आत, अंगठीने काचेवर टकटक. “काय बाळूशेठ? आणि मुक्ता, गणित झालं? परवाच्या टेस्टमध्ये ते चार मार्क कुठे गेले?”

खर्रर्र.

“बघ! अजून वाजतेय!” असं म्हणून तो नवा दिवा काढून जुना लावायचा.

“बाबा, ही इज ग्रँड व्हेन...” एकदा मुक्ताने तोंड उघडलं.

“एक मिनिट बेटा. आधी डेटा.”

डेटासाठी शेवटी त्याने कपाटावर कॅमेरा बसवला. दिवसभर तो फोनवर चित्रण बघायचा, पण शेपटीपुरतंच, तेवढाच भाग मोठा करून, आवाज बंद ठेवून. रविवारी दुपारी त्याने मायलेकींना सोफ्यावर बसवलं. हवा कोरडी पडते, हे त्याचं निदान ठरलं होतं. पुरावा म्हणून त्याने चित्रण टीव्हीवर लावलं, आणि टीव्हीवर पहिल्यांदाच सगळी खोली दिसली. आवाजासकट.

मुक्ता जमिनीवर पालथी पडून चित्र काढत होती. कौमुदी कपडे ठेवून गेली. बाळू ढिम्म. मग खालून आवाज आला. धप, धप. बाळूची शेपटी थरथरली. त्याच क्षणी मुक्ताने चित्र पलंगाखाली सरकवलं, गणिताचं पुस्तक ओढलं आणि ताठ बसली. तिचा गुडघा वरखाली हलू लागला. मग दार उघडलं आणि सलीलने स्वतःला आत येताना पाहिलं.

त्याने दुसऱ्या दिवसाचं लावलं. तेच. तिसऱ्या दिवसाचं. धप, शेपटी, गुडघा.

“हवा फारच कोरडी आहे बाई,” कौमुदी म्हणाली. “मग लेटरकेनीसाठी तुझी बॅग कधी भरायची?”

सलील हसला नाही. मुक्ताही हसली नाही. हसायचं की नाही, हे ती त्याच्या तोंडाकडे बघून ठरवत होती, आणि या वेळी ते त्याच्याही लक्षात आलं. त्याला मनापासून लाज वाटली. “बाळू इथेच राहील,” एवढंच तो म्हणाला. मुक्ता उठली आणि धावत वर गेली.

संध्याकाळी त्याने बूट काढले. कठड्याला धरून, चवड्यांवर, आयुष्यात पहिल्यांदाच तो आवाज न करता जिना चढला. दाराशी थांबून त्याने कान दिला. पानं वाजली नाहीत. आत मुक्ता काहीतरी गुणगुणत होती. ती गुणगुणते हे त्याला माहीतच नव्हतं. उपाय लागू पडला होता, आणि खरं सांगायचं तर त्याला थोडा अभिमानही वाटला. त्याने हलकेच दारावर टकटक केली.

“ये ना आई!” आतून आवाज आला. मराठीत, मोकळा, आनंदाने भरलेला. “लवकर ये, बाळू काय करतोय बघ!”

सलीलचा हात कडीवर होता. मी आहे, एवढंच सांगायचं होतं. पण ते सांगितलं की आत काय थांबेल, हे आता त्याला ठाऊक होतं.