रस्त्यापलीकडची बोअर

पर्यावरण कायद्याच्या सरांनी वर्गाला काम दिलं: प्रत्येकाने आपल्या परिसरातली एक खरी तक्रार सरकारदरबारी नेऊन दाखवायची. मनस्विनीला विषय शोधायला लांब जायची गरज नव्हती. तिच्याच सोसायटीत विनापरवाना बोअर होती, भर दुष्काळात टाक्या भरणारी. पण सोसायटीचे चेअरमन तिचे बाबा, अनंतराव. घरात भांडण कोण ओढवून घेणार? म्हणून या शहाणीने रस्त्यापलीकडच्या वस्तीची बोअर धरली. तीही विनापरवानाच. कायदा सगळ्यांना सारखा, असं स्वतःला बजावून तिने अर्ज दिला.

एरवी ढिम्म न हलणारं खातं नेमकं तेव्हाच जागं झालं आणि बोअरला सील लागलं. तक्रार कशाची, कुठली ते न सांगता सरांनी वर्गात तिचं कौतुक केलं. टाळ्या वाजवणाऱ्यांत तिच्याच बाकावरची मोनालीही होती. मोनाली त्या वस्तीत राहते हे मनस्विनीला पक्कं माहीत होतं. अर्ज लिहिताना तिने ते मनात येऊ दिलं नव्हतं, एवढंच.

संध्याकाळी मोनाली दोन रिकामे कॅन घेऊन दारात आली.

"पाणी देती का गं? आमची बोअर बंद केली मेल्यांनी. आई शहागंजातून काम करून येती अन् टँकरच्या रांगंत उभी राहती."

"घे की बेटा, हवं तेवढं," अनंतराव म्हणाले. "पाण्याला कोण नाही म्हणतं?"

मनस्विनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कॅन नळाखाली लावत मोनाली म्हणाली, "सील काढायचा अर्ज तूच लिहून दे. तुझं ड्राफ्टिंग लई भारी. आमच्याच मागं का लागले, ते ठासून लिही."

मनस्विनी लिहायला बसली. दोन ओळी झाल्या आणि पेन थांबलं.

"तक्रार मी केली होती," ती म्हणाली. "आमचीही बोअर विनापरवानाच आहे. ती सोडून मी तुमची धरली."

"मनू!" अनंतराव ओरडले.

भरलेला कॅन मोनालीने ओतून दिला नाही. तेवढा राग तिला परवडणारा नव्हता. तिने नळ बंद केला. मनस्विनी कॅन उचलायला पुढे झाली, तसा मोनालीने हात आडवा घातला.

"राहू दे. अर्ज पुरा कर. आत्ता जे बोललीस ते सगळं लिही, अन् खाली सही तुझी. तुझ्या अर्जानं सील लागतं, तसं निघतं का तेबी बघू."

बाबांनी कागदावर हात ठेवला. मनस्विनीने तो बाजूला केला आणि सही केली.