गाडी कबुतरांना सोसत नाही

शुक्रवारची संध्याकाळ झाली की ओडिलोन टोपी घालायचा, कबुतरांची टोपली उचलायचा आणि शेजारच्या ओमेरच्या व्हॅनमध्ये जाऊन बसायचा. त्याची मुलगी लिसलोट फाटकाशी उभी राहून ते बघायची. तिची स्वतःची गाडी तिथंच अंगणात धुऊनपुसून उभी असायची. कारण विचारलं तर बाप एकच सांगे, "तुझी गाडी कबुतरांना सोसत नाही."

आता कबुतरांचं नाव पुढे केलं की आमच्या फ्लँडर्समध्ये भल्याभल्यांची बोलती बंद होते. चौकातला कॅफे हाच गावचा कबुतर क्लब. शुक्रवारी सगळे आपापली शर्यतीची पाखरं तिथं आणतात, पायांत रबरी कडी चढवतात, आणि रात्री ट्रक त्यांना घेऊन फ्रान्सला जातो. तिथून सोडलेलं पाखरू घर गाठतं, कुणाचं आधी, कुणाचं मागून, कुणाचं ससाण्याच्या पोटात. अशा पाखराला निघण्याआधीच हादरे देऊन दमवलं तर शर्यत तिथंच संपली. त्यामुळे बापाचं म्हणणं खोडून काढायला जागा नव्हती, आणि लिसलोटला तेच जास्त लागत होतं.

तिला कबुतरांचं फारसं प्रेम होतं अशातला भाग नाही. तिला हवा होता तो शुक्रवारचा प्रवास. डोळे अधू झाल्यावर ओडिलोननं आपणहून लायसन्स परत केलं, तेव्हापासून तीच त्याला क्लबात नेत होती. घर ते चौक, मध्ये दगडी फरसबंदीचा कापेलेस्त्राट हा रस्ता, बस एवढंच. पण आई गेल्यापासून घरात ही दोघं एकमेकांना मीठ मागण्यापलीकडे बोलत नसत, आणि गाडीत बसलं की ओडिलोनला वाचा फुटायची. तरुणपणी विणकाम गिरणीत मुकादमाच्या डब्यात त्यानं काय घातलं होतं, लिसलोटच्या आईनं त्याला आधी दोनदा नकार का दिला होता, हे सगळं तिला त्या रस्त्यावर कळलं होतं. तिचा बाप तिला तेवढ्याच वाटेवर भेटायचा. आता तो ओमेरला भेटत होता.

आणि याला कारणही तिचंच. हिवाळ्यात तिनं गाडी खाली बसवली होती.

ज्याला हा नाद नाही त्याला तो समजावून सांगण्यात अर्थ नाही. लिसलोट दातांच्या कवळ्या बनवायची, केसाएवढी फट राहिली तरी तिला चैन पडायचं नाही. तिच्या लांबलचक जुन्या स्टेशन वॅगनच्या टायरमध्ये आणि वरच्या कमानीमध्ये चांगला पंजा जाईल एवढी मोकळी जागा होती. ती जागा तिला रोज सकाळी खुपायची. शेवटी तिनं पेच फिरवून उंची कमीजास्त करता येते असं सस्पेन्शन, म्हणजे स्प्रिंगा आणि शॉकअप, घेतलं आणि मित्र टिबोच्या काकाच्या कोठारात गाडी उचलायची लिफ्ट होती, तिथं एकटीनं बसवलं. गाडी लिफ्टवरून उतरली तेव्हा चाकं कमानीत अशी गेली की एक बोटसुद्धा कसंबसं शिरत होतं. लिसलोट तिच्याभोवती नुसती फिरत राहिली. महिन्याच्या पहिल्या रविवारी कालव्याकाठी असल्या गाड्यांची रांग लागते, तिथं तिला पुढची जागा मिळाली. गाडी देखणी झाली होती यात वादच नाही.

मग शुक्रवार आला. कापेलेस्त्राटवर दात वाजले. ओडिलोन वाटभर एक शब्द बोलला नाही. कॅफेसमोर तिनं गाडी लावली, टोपली घेऊन ती पुढे गेली, आत ठेवून बाहेर आली तर बाप गाडीच्या दाराशी उभा, लालबुंद, टोपी हातात. दारात बिअर पीत उभे असलेले लोक कशाला तरी हसत होते. आत टोपलीतली पाखरं माना ताणून, पिसं अंगाशी घट्ट आवळून उभी होती आणि टोपलीतला कागद ओलाचिंब झाला होता. घाबरलेलं कबूतर असंच करतं.

"बघितलंस?" ओडिलोन म्हणाला.

तिनं बघितलं होतं. पुढच्या शुक्रवारपासून ओमेरची व्हॅन सुरू झाली.

लिसलोटचा स्वभाव असा, की रागावली तरी तिचं कुतूहल रागाच्या पुढे धावायचं. कबुतराला नेमकं काय सोसत नाही? उंची? आवाज? की तो खडखडाट? तिनं बापाच्या खुराड्यातलं एक निवृत्त नर मागून घेतला. पोट सुटलेलं, चालण्यात रुबाब, म्हणून घरात त्याला 'नोटरीसाहेब' म्हणत. नोटरीसाहेबांना टोपलीत बसवलं, समोर फोन लावला आणि कापेलेस्त्राटवर फेऱ्या सुरू केल्या.

घरी येऊन ते चित्रण बघताना ती खाणंपिणं विसरली. गाडी सरळ चालली असेल तर पाखरू खाली बसतं, पिसं सैल सोडतं. खडखडाट सुरू झाला की उठतं. पण गंमत पुढेच होती. नोटरीसाहेबांचं अंग खालीवर नाचत होतं आणि डोकं मात्र हवेत खिळा ठोकून टांगल्यासारखं जागच्या जागी. मान सगळे हादरे गिळत होती. देवानं या प्राण्याला केवढं सुरेख सस्पेन्शन दिलंय, आणि आपण स्प्रिंगांवर पगार उधळतोय, असं तिच्या मनात आलं. फरसबंदीच्या सगळ्यात वाईट तुकड्यावर मात्र मानही हरायची आणि डोकं हलायचं. लिसलोटला मोजपट्टी मिळाली. डोकं हललं की गाडी नापास.

तिनं गाडी थोडी वर घेतली. नापास. टायरमधली हवा कमी केली. नापास. शॉकअप मऊ केले, तर नोटरीसाहेब टोपलीत ओकल्यासारखा चेहरा करून बसले. शेवटी तिनं टिबोला गाठलं.

टिबोनं चित्रण बघितलं, आधी पोट धरून हसला, मग गाडीखाली शिरला. बराच वेळ नुसते त्याचे पाय दिसत होते.

"हे रबरी बुशचे बोल्ट तू कधी आवळलेस?" खालून आवाज आला.

"लिफ्टवर. कधी म्हणजे?"

"चाकं लोंबकळत असताना?"

"लिफ्टवर चाकं लोंबकळणारच की. नाचणार आहेत का?"

"अगं शहाणे," टिबो बाहेर आला, "आतलं रबर त्याच जागी चिकटून बसतं. तू ते चाक खाली लोंबतंय तसं पकडून ठेवलंस, आणि मग गाडी जमिनीवर ठेवलीस, तीही इतकी खाली. म्हणजे रबर कायमचं पिळलेलं. कुणी तुझा हात पाठीमागे मुरगळून धरला आणि म्हणालं, आता सायकल चालव, तर कशी चालवशील?"

लिसलोटनं कपाळाला हात लावला. सगळे बोल्ट सैल करून, गाडी चाकांवर उभी करून, आत वाळूची पोती ठेवून त्यांनी ते पुन्हा आवळले. गाडी होती तेवढीच खाली राहिली. मग कापेलेस्त्राट. नोटरीसाहेब पहिल्या दगडांवर उठले, थोडं थांबले, आणि चर्चपाशी पोचेतो खाली बसून त्यांनी डोळे मिटले. गाडी मऊ झाली नव्हती, पण आता दगड अंगावर येत नव्हते, नुसते कळत होते. लिसलोटला इतका आनंद झाला की तिनं गाडी थांबवून कबुतराची पापी घेतली.

ते चित्रण तिनं बापासमोर ठेवलं. ओडिलोननं चष्मा चढवून फोन डोळ्यांजवळ धरला.

"पप्पा, बसलाय बघा. झोपलाय चक्क."

"तो म्हातारा आहे. म्हातारी माणसं कुठंही झोपतात."

"मग उद्या तरुण घेऊन दाखवते."

"कशाला उगाच. ओमेर जातोच आहे."

आणि शुक्रवारी तो व्हॅनमध्येच बसला. लिसलोटला रडू आलं, आणि रडता रडता तिला प्रश्नही पडला. ओमेरची व्हॅन तरी कशी चालते?

बुधवारी ओमेर सरावासाठी कबुतरं लांब नेऊन सोडायचा. ती त्याच्याबरोबर गेली. व्हॅन पूर्वी पाववाल्याची होती आणि मागे रिकामी असली की घोड्यासारखी उधळायची. टोपल्या इकडून तिकडे जात होत्या, पाखरं एकमेकांवर पडत होती.

"काका, हे असंच चालतं?"

"असंच," ओमेर खुशीत म्हणाला. "माझ्या व्हॅनमध्ये दगडसुद्धा आजारी पडेल."

"आणि पप्पा काही म्हणत नाहीत?"

"तुझा बाप? टोपली मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी धरून बसतो, आणि येशूचं नाव घेतो."

मग हे कबुतरांचं प्रकरण नव्हतंच. तिला वाटलं, माझाच कंटाळा आलाय त्यांना. तो विचार तिला बुधवार, गुरुवार पुरला. शुक्रवारी ती सायकल काढून आधीच चौकात गेली आणि चर्चच्या भिंतीशी उभी राहिली. खरं काय ते बघितल्याशिवाय तिला राहवणार नव्हतं.

व्हॅन आली. दार उघडलं. व्हॅनची सीट ओडिलोनच्या कमरेएवढी उंच. तो नुसता वळला, पाय खाली सोडले आणि जमिनीवर ताठ उभा राहिला. टोपी सारखी केली. दारातल्या लोकांना एकेक करून रामराम केल्यासारखी मान हलवली आणि नगराध्यक्षाच्या थाटात आत गेला.

तिथंच लिसलोटला तो पहिला शुक्रवार पुरता दिसला, जो तिनं टोपली आत नेण्याच्या गडबडीत बघितलाच नव्हता. इतकी खाली गेलेली गाडी, सीट जवळपास जमिनीला टेकलेली, आणि त्यातून उठू बघणारा तिचा बाप. गुडघे साथ देत नाहीत. एकदा प्रयत्न, पुन्हा प्रयत्न. मग दारातल्या कुणीतरी पुढे येऊन काखेत हात घालून त्याला उपटून काढलं असणार, आणि बाकीचे हसले असणार. ती कबुतराची मान मोजत बसली होती आणि शेजारच्या सीटकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली, आणि बापाची इतकी माया आली की ती तिथंच भिंतीला टेकून उभी राहिली.

पुढच्या शुक्रवारी ओडिलोन टोपली घेऊन बाहेर आला तर गाडी अंगणात उंच उभी होती. पेच होते तितके फिरवून लिसलोटनं ती वर घेतली होती. त्यानं टोपली खाली ठेवली, चाकाजवळ वाकला आणि कमानीखाली अख्खा हात घातला.

"हे काय केलंस?"

"बरं दिसत होतं का ते, पप्पा? मलाच नको झालं होतं."

"खोटं बोलू नकोस. परवा रविवार आहे, तुमची ती रांग आहे." त्यानं गाडीकडे मान तिरकी करून पाहिलं. "झगा वर धरून चिखलातून चाललेल्या पाद्र्यासारखी दिसतेय."

"दिसू दे."

"तुला कुणी सांगितलं? ओमेरनं?"

"कुणी नाही. मी बघितलं."

ओडिलोननं टोपी काढली, पुन्हा घातली. "कबुतरांना खरंच त्रास झाला होता," तो म्हणाला.

"झाला होता. तो मी दुरुस्त केला. पण मला कबुतरांचं काही पडलेलं नाही. मला तुम्ही शेजारच्या सीटवर हवे आहात. एवढंच आहे माझं."

ओमेरची व्हॅन फाटकाशी येऊन थांबली, त्यानं हॉर्न वाजवला. ओडिलोननं त्याच्याकडे न बघता जा म्हणून हात हलवला.

"खाली घे," तो म्हणाला.

"काय?"

"गाडी. होती तेवढी खाली घे. इतकं मन लावून केलेलं काम कुणी माझ्या गुडघ्यांसाठी मोडायचं नाही. वेळ आहे अजून."

"मग उतरताना?"

"मागच्या गल्लीतून चल. बिअरचे क्रेट ठेवतात तिथं. तिथं कुणी नसतं."

लिसलोटनं पान्हा आणला. ओडिलोन स्टूल घेऊन शेजारी बसला आणि ती पेच फिरवत असताना आणखी खाली, आणखी खाली, असं सांगत राहिला. शेवटी तिनं ते बुशचे बोल्टही सैल करून, गाडी चाकांवर उभी असताना पुन्हा आवळले. आता तिला ते पाठ झालं होतं.

उतरायची काळजी असली तरी बसताना तो अंग नुसतं सोडून दिल्यासारखा बसला. कापेलेस्त्राट लागला. टोपलीतली पाखरं उठली आणि बसली. ओडिलोननं मागे वळून ते पाहिलं, पण बोलला दुसरंच. लिसलोटच्या आईनं दोनदा नकार देऊन तिसऱ्यांदा होकार दिला तेव्हा ती काय म्हणाली होती, ते त्यानं सांगितलं. ते ऐकून लिसलोट इतकी हसली की तिनं गाडीचा वेग कमी केला.

चर्चपाशी तिनं मागच्या गल्लीकडे वळण्यासाठी इंडिकेटर दिला.

"सरळ घे," ओडिलोन म्हणाला.

"पप्पा, पुढे सगळे उभे आहेत."

"दिसतात मला. तेवढा आंधळा झालेलो नाही."

तिनं कॅफेच्या दारासमोर गाडी लावली. हातातले ग्लास तसेच धरून लोक गाडीकडे वळले. ओडिलोननं दार उघडलं, एक पाय बाहेर ठेवला, मग दुसरा, आणि तसाच बसून राहिला. लिसलोट धावत वळसा घालून आली.

"काय ओडिलोन," दारातला एक जण म्हणाला, "क्रेन बोलवू का?"

"तुझ्या बायकोला बोलवू नकोस म्हणजे झालं," ओडिलोन म्हणाला, "ती मला परत सोडायची नाही." मग त्यानं सगळ्यांच्या देखत मुलीकडे दोन्ही हात पसरले. "हं. ओढ."

तिनं ओढलं. तो उभा राहिला. गुडघे सरळ व्हायला जरा वेळ लागला, तेवढा वेळ त्यानं गाडीच्या कमानीवर हात ठेवून ती कशी बसवली आहे हे दारातल्या लोकांना सांगितलं, निम्मं चुकीचं. मग लिसलोटचा हात धरून तो आत निघाला, आणि गल्ल्यापाशी पोचून बिअर मागवून झाली तरी त्यानं तो हात सोडला नाही. कडी चढवणाऱ्यानं पाखरं मागितली तेव्हा कुठं दोघांच्या लक्षात आलं, की टोपली गाडीतच राहिली.